पेढी हलली, पाटी राहिली

सांगलीच्या मार्केट यार्डात आमच्या दाजींची हळदीची आडत आहे. आडतीला चाळीस वर्षे होऊन गेली. दिवाळीपूर्वीच्या आठवड्यात, दुकानात झाडलोट आणि रंगसफेदी चालू असताना, सीमाभागातील एक वयोवृद्ध शेतकरी गादीसमोर येऊन बसले. घरात भावाभावांची वाटणी चालली होती. तीन वर्षांपूर्वी त्यांनी या आडतीत विकलेल्या हळदीच्या हिशेबपट्टीची नक्कल त्यांना हवी होती. मूळ पट्टी पावसात भिजून गेली होती आणि धाकट्या भावाला रकमेचा भरवसा वाटत नव्हता.

“तुमच्याकडं असणारच की,” ते म्हणाले.

“असणारच,” दाजी म्हणाले, आणि त्यांनी मुलाला खूण केली.

भाच्याने संगणक चालू केला. पडद्याच्या तळाशी जी आडवी पट्टी असते, जिला टास्कबार म्हणतात, तिच्यावर जुन्या हिशेबाच्या प्रोग्रॅमचा हिरवा आयकॉन वर्षानुवर्षे होता. त्या जागी आज कोऱ्या पांढऱ्या कागदाचे चित्र दिसत होते. त्याने त्यावर क्लिक केले. इंग्रजीत एक चौकट उघडली. तिचा आशय असा : ही वस्तू उघडता येत नाही, ती हलवली, तिचे नाव बदलले किंवा ती काढून टाकली असण्याची शक्यता आहे, ही वस्तू येथून काढून टाकावयाची आहे काय? खाली दोन बटणे, ‘येस’ आणि ‘नो’.

दाजींचे इंग्रजी बेताचे. पण ‘डिलीट’ हा शब्द आज कोणत्या व्यापाऱ्याला कळत नाही? त्यांचा चेहरा उतरला. समोर शेतकरी बसलेले, चाळीस वर्षांचा शब्द पणाला लागलेला, आणि यंत्र विचारते आहे की काढून टाकू का. भाच्याने मला फोन लावला. “मामा, येस दाबू का नो?”

“सध्या नो दाब आणि कशालाही हात लावू नकोस. मी येतो,” मी म्हणालो.

मी संगणकशास्त्राचा जाणकार नव्हे. वाणिज्य शाखेत पदव्युत्तर शिक्षण झाले आणि उभे आयुष्य बँकेत गेले. आमच्या शाखेत संगणक आले, तेव्हा लेजरमधील शिल्लका यंत्रात चढवून रात्री उशिरापर्यंत ताळमेळ जुळवणाऱ्यांत मी एक होतो, एवढाच माझा अधिकार. त्या दिवशी दुकानात जे घडले, ते आपल्यापैकी पुष्कळांच्या पेढीवर घडू शकते. म्हणून ते सविस्तर लिहीत आहे.

पाटी, लेखणी आणि वही

दुकानात पोहोचल्यावर प्रथम दाजींची समजूत घालणे आवश्यक होते. त्यांना मी तीन वस्तू वेगळ्या करून सांगितल्या. संगणकावरील हिशेबाचा प्रोग्रॅम म्हणजे दौत आणि लेखणी. त्याने लिहिलेली माहिती म्हणजे वही. आणि टास्कबारवरील आयकॉन म्हणजे दुकानाच्या दारावरची पाटी. पेढी दुसऱ्या गाळ्यात हलली तरी जुन्या गाळ्यावरची पाटी कोणी उतरवली नाही, तर ती तशीच लोंबत राहते. ती पाहून आत गेलेल्याला गाळा रिकामा दिसतो. परंतु एवढ्यावरून वह्या जळाल्या असे कोणी म्हणणार नाही.

म्हणजे भाच्याने ‘येस’ दाबले असते तरी केवळ पाटी उतरली असती. हिशेबाच्या एका आकड्यालाही धक्का लागला नसता. मग मी ‘नो’ का सांगितले? कारण त्या मृत आयकॉनमध्ये एक उपयुक्त माहिती शिल्लक होती. अशा आयकॉनवर उजवे बटण दाबून जी यादी उघडते, तीत प्रोग्रॅमच्या नावावर पुन्हा उजवे बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’ पाहिले, तर तो प्रोग्रॅम कोणत्या फोल्डरमध्ये होता त्याचा पत्ता बहुधा तेथे लिहिलेला असतो. हलवलेल्या पेढीचा माग जुन्या पाटीवरूनच काढावा लागतो.

सहा महिन्यांपूर्वी संगणकवाल्यांनी हिशेबाचा नवा प्रोग्रॅम बसवला होता आणि जुना काढून टाकला होता. नव्यात त्यांनी केवळ आरंभीच्या शिल्लका ओढल्या होत्या. मागील वर्षांचे व्यवहार आणले नव्हते. पत्त्यावरून शोध घेतला तेव्हा ‘सी’ या मुख्य भागातील प्रोग्रॅम नाहीसा झालेला होता, परंतु ‘डी’ या भागात प्रत्येक आर्थिक वर्षाच्या माहितीचे फोल्डर जसेच्या तसे सापडले. वही होती, लेखणी मात्र नव्हती.

या प्रसंगी मला आमच्या वाडवडिलांच्या लाकडी पेटीची आठवण झाली. तिच्यात लाल कापडाच्या बांधणीच्या मोडी लिपीतील वह्या आहेत. अक्षर सुबक, कागद शाबूत. पण वाचणारा घरात कोणी उरलेला नाही. संगणकाच्या वहीचेही तसेच आहे. ज्या प्रोग्रॅमने ती लिहिली, तोच ती वाचू शकतो; तो गेला की माहिती असून नसल्यासारखी होते. सुदैवाने दाजींनी जुन्या प्रोग्रॅमची सीडी आणि परवान्याचा कागद तिजोरीच्या खणात जपून ठेवला होता. ज्या माणसाने चाळीस वर्षांत एक पावती फेकली नाही, त्याच्याकडून हीच अपेक्षा होती. प्रोग्रॅम पुन्हा बसवला, वर्ष निवडले आणि शेतकऱ्यांची हिशेबपट्टी छापून निघाली : पोती, वजन, दर, हमाली, तोलाई आणि निव्वळ रक्कम. त्यांनी ती चष्मा काढून डोळ्यांजवळ धरून वाचली, घडी करून बंडीच्या आतल्या खिशात ठेवली आणि चहा न घेताच गाडी गाठण्यासाठी उठले.

ते गेल्यावर दाजी म्हणाले, “आता हे सगळं एकदा नीट बघूया. यातलं काय जिवंत आहे आणि काय मेलेलं आहे, मला कळलं पाहिजे.”

मृत चिन्हे का उरतात?

काम आरंभण्यापूर्वी या चिन्हांची कुळकथा थोडक्यात सांगतो. टास्कबार जगासमोर आला तो विंडोज ९५ या आवृत्तीबरोबर, २४ ऑगस्ट १९९५ रोजी. आज आपण ज्या रीतीने प्रोग्रॅमचा आयकॉन त्यावर कायमचा टाचून ठेवतो, म्हणजे ‘पिन’ करतो, ती सोय ऑक्टोबर २००९ मध्ये आलेल्या विंडोज ७ पासूनची आहे.

प्रोग्रॅम काढून टाकल्यावर त्याचा आयकॉन का उरतो, असा प्रश्न साहजिकच पडतो. प्रोग्रॅम काढणारी यंत्रणा आपण स्वतः ठेवलेल्या वस्तू गोळा करून नेते. टास्कबारवर टाचलेला आयकॉन मात्र तिने ठेवलेला नसतो. तो आपण आपल्या हाताने लावलेला असतो. भाडेकरू आपले सामान घेऊन गेला तरी घरमालकाने भिंतीवर लिहिलेले त्याचे नाव पुसणे हे त्याचे काम नव्हे.

टाचलेले हे आयकॉन संगणकाच्या एका आतल्या फोल्डरमध्ये ठेवलेले असतात. ॲपडेटा, रोमिंग, मायक्रोसॉफ्ट, इंटरनेट एक्सप्लोरर, क्विक लाँच, यूजर पिन्ड आणि शेवटी टास्कबार, अशी ती वाट आहे. यातील इंटरनेट एक्सप्लोरर हा ब्राउझर खुद्द मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ रोजी निवृत्त केला. तरी त्याच्या नावाचे फोल्डर अद्याप या वाटेवर उभे आहे. ज्यांनी ही इमारत बांधली त्यांच्याही घरात जुनी पाटी राहिली, मग आपल्या पेढीत राहिली तर नवल ते काय!

घड्याळाशेजारील कोपऱ्याची गोष्ट थोडी निराळी आहे. तेथे एक लहान बाण असतो. तो दाबला की लपवलेले आयकॉन दिसतात. हे आयकॉन आपण लावलेले नसतात. चालू असलेला प्रोग्रॅम स्वतःच विंडोजला सांगतो, ‘माझे चिन्ह येथे ठेव’, आणि बंद होताना ‘आता काढ’ असा निरोप देतो. प्रोग्रॅम मध्येच कोलमडला तर तो निरोप राहून जातो आणि मालक नसलेले चिन्ह तेथेच राहते. त्यावर माऊसचा बाण नेला की विंडोज ते मालकाला कळवू पाहते, मालक सापडत नाही, आणि चिन्ह डोळ्यांदेखत नाहीसे होते. भाच्याने असे दोन आयकॉन केवळ बाण फिरवून घालवले, तेव्हा दाजींना ती जादू वाटली. त्यात जादू काही नाही. कोणीतरी चौकशी केली, एवढेच.

तीस चिन्हांची तेरीज

मी दाजींना कोरा फुलस्केप मागितला आणि त्यावर चार रकाने आखले : चिन्हाचे नाव, ते कशासाठी, कोणी बसवले, आणि निर्णय. बँकेत तपासणीला गेलेला अधिकारी प्रथम यादी करतो. हात नंतर लावतो. टास्कबारवर १९ आयकॉन निघाले आणि घड्याळाजवळच्या कोपऱ्यात ११. एकूण ३०.

टास्कबारवरील १९ पैकी रोजच्या कामाचे ७ होते. ८ प्रोग्रॅम जिवंत होते, पण टास्कबारवर त्यांचे काम नव्हते : दोनदा टाचलेला ब्राउझर, मुलांनी आणलेला एक खेळ, दुकानदाराच्या जाहिरातीसारखे काही. ४ पूर्ण मृत होते : जुन्या हिशेबाचा तो पांढरा कागद, केव्हाच मोडीत गेलेल्या प्रिंटरचा एक प्रोग्रॅम, टाळेबंदीच्या काळात सभांसाठी घेतलेला एक, आणि एक असा की तो कशाचा हे कोणालाही सांगता आले नाही.

निर्णय करताना एक पथ्य पाळले. बँकेत दोन वर्षांहून अधिक काळ ग्राहकाने व्यवहार न केलेले खाते निष्क्रिय ठरते. भाचा म्हणाला, “महिनाभरात वापरलं नाही ते सगळं काढूया.” मी त्याला थांबवले. व्यापाराचे चक्र वर्षाचे असते. डिजिटल सहीच्या टोकनसाठी लागणारा प्रोग्रॅम किंवा वार्षिक विवरणपत्राच्या वेळी लागणारे साधन वर्षातून एकदाच उघडले जाते. पण त्या दिवशी ते नसेल तर काम अडते. म्हणून निकष एका पूर्ण वर्षाचा धरला, आणि संशय असेल तेथे केवळ आयकॉन काढला, प्रोग्रॅम राहू दिला.

हा भेद विसरू नये. आयकॉनवर उजवे बटण दाबून ‘अनपिन फ्रॉम टास्कबार’ निवडले की पाटी उतरते; प्रोग्रॅम आणि माहिती जागेवर राहतात आणि केव्हाही पुन्हा टाचता येतात. प्रोग्रॅमच काढावयाचा असेल तर ‘सेटिंग्ज’मध्ये ‘ॲप्स’ आणि त्यात ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’ येथे जाऊन ‘अनइन्स्टॉल’ करावे लागते. पहिले काम निर्धोक आहे. दुसरे विचारांती करावे. आणि हिशेबाच्या प्रोग्रॅमच्या बाबतीत तर जुन्या वर्षांच्या खतावण्या, रोजकीर्द आणि तेरीज पीडीएफ स्वरूपात काढून दोन ठिकाणी ठेवल्याशिवाय करूच नये. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेब व दप्तर त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागते. २०२३-२४ या वर्षाच्या विवरणपत्राची मुदत ३१ डिसेंबर २०२४ होती. तेव्हा त्या वर्षाचे दप्तर ३१ डिसेंबर २०३० पर्यंत वाचता येईल अशा स्थितीत हवे. कंपनी असेल तर कंपनी कायद्यानुसार ही जबाबदारी ८ आर्थिक वर्षांची आहे.

न रद्द केलेली सही

टास्कबार स्वच्छ झाला होता आणि दाजी समाधानाने हात झटकत होते. कोपऱ्यातील ११ चिन्हे अद्याप पाहावयाची होती. त्यांतील ५ यंत्राच्या नित्य कामाची होती : विषाणूरोधक, पेनड्राइव्ह सुरक्षितपणे काढण्याचे, ब्लूटूथचे वगैरे. ३ अनावश्यक पण निरुपद्रवी होती. २ बाणाच्या स्पर्शाने गेली. उरले एक. माऊस नेल्यावरही ते गेले नाही. ते जिवंत होते.

“हे कशाचे?” मी विचारले.

“ते असू द्या मामा,” भाचा म्हणाला. “कॉम्प्युटरवाल्यांचं आहे. काही बिघडलं तर ते तिकडूनच दुरुस्त करतात.”

“शेवटचे केव्हा केले?”

“दोन वर्षं झाली असतील. प्रिंटर चालत नव्हता तेव्हा.”

“ज्याने केले तो मुलगा अजून तेथे आहे?”

“नाही. त्यानं ते काम सोडलं.”

मी ते चिन्ह उघडले. दूर बसून दुसऱ्याचा संगणक चालवण्याचा तो प्रोग्रॅम होता. त्यात कायमचा पासवर्ड घालून ठेवलेला होता. म्हणजे समोर कोणी नसतानाही, इकडून कोणी ‘होय’ न म्हणता, तो पासवर्ड जाणणारा माणूस या संगणकात शिरू शकत होता. संगणक सुरू झाला की हा प्रोग्रॅमही आपोआप सुरू होत होता. आणि याच संगणकावरून दाजी दररोज नेट बँकिंगने शेतकऱ्यांच्या खात्यांत पैसे पाठवीत होते.

येथे मला माझ्या नोकरीतील एक प्रसंग आठवला. एका भागीदारी पेढीच्या खात्याच्या वार्षिक फेरतपासणीत असे दिसून आले की, त्यांचा एक भागीदार तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाला होता. पेढीच्या पाटीवरून नाव उतरवले, पत्रकागद बदलले, लग्नपत्रिकेतही ‘माजी भागीदार’ असे छापले. पण बँकेला कळवण्याचे राहून गेले. आमच्या कपाटातील नमुन्याच्या कार्डावर त्याची सही तशीच होती. तीन वर्षे तो गृहस्थ त्या खात्यावर धनादेश काढू शकत होता. त्याने तो काढला नाही, हा त्याचा सज्जनपणा. व्यवस्थापकांनी त्या दिवशी आम्हा सर्वांना बोलावून सांगितले होते की, बँकेचे काम माणसांच्या सज्जनपणावर सोडता येत नाही.

दाजींच्या संगणकातील ते लहानसे चिन्ह अशीच एक रद्द न केलेली सही होती. ज्या पांढऱ्या कागदाने आम्हा सर्वांना घाबरवले, तो निर्जीव आणि निरुपद्रवी होता. जे कोणाच्या डोळ्यांतही भरले नाही, तेच जागे होते. त्यातून काही गैर घडले असे आम्हास आढळले नाही. तो मुलगाही वाईट होता असे मी म्हणत नाही. त्याने आपली सोय पाहिली आणि आम्ही विचारले नाही, इतकेच. परंतु घर विकल्यावर जुन्या मालकाकडे किल्ली राहू नये, याला जुना मालक चोर असावा लागत नाही.

रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये आर्थिक फसवणुकीच्या रीतींवर ‘बी अवेअर’ नावाची पुस्तिका प्रसिद्ध केली. पडदा दुसऱ्यास दाखवणाऱ्या व दुरून ताबा देणाऱ्या ॲपद्वारे होणारी फसवणूक तीत स्वतंत्रपणे नोंदली आहे. जे साधन दुरुस्तीसाठी सोयीचे, तेच लबाडासाठीही सोयीचे असते.

त्यानंतर आम्ही पुढीलप्रमाणे केले. तो प्रोग्रॅम बंद केला, ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’मधून काढला, संगणक बंद करून पुन्हा सुरू केला आणि चिन्ह परत आले नाही याची खात्री केली. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबून ‘टास्क मॅनेजर’ उघडला आणि ‘स्टार्टअप ॲप्स’ या यादीत, यंत्राबरोबर आपोआप सुरू होणारे आणखी कोणी आहे काय, हे पाहिले. नेट बँकिंग आणि ई-मेलचे पासवर्ड दुसऱ्या, खात्रीच्या संगणकावरून बदलले. मागील काही महिन्यांची खातेउताऱ्यातील प्रत्येक नावेची नोंद दाजींच्या वहीशी पडताळली. सर्व जुळले. एखादी नोंद न जुळती, पैसे गेलेले दिसते, तर क्षणाचाही विलंब न लावता बँकेला आणि १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकाला कळवावे लागले असते. हा क्रमांक प्रत्येक गादीजवळ लिहून ठेवावा.

पुढे दुरुस्तीसाठी दूरचा ताबा द्यावा लागलाच तर काय करायचे, तेही ठरवले. एका वेळेपुरता सांकेतिक क्रमांक द्यावा, काम संपेपर्यंत घरचे माणूस पडद्यासमोर बसावे, नेट बँकिंग त्या वेळी उघडे नसावे, आणि काम होताच प्रोग्रॅम काढून टाकावा.

काही सावधगिरीच्या गोष्टी

हे वाचून जे आपल्या संगणकाकडे वळतील, त्यांच्यासाठी अनुभवातून आलेल्या चार गोष्टी सांगतो.

पांढऱ्या कागदाचे चित्र दिसले म्हणजे प्रोग्रॅम गेलाच असे नाही. विंडोज सर्व चित्रांची एक साठवण ठेवते. ती बिघडली की जिवंत प्रोग्रॅमही चेहरा हरवतो. क्लिक करून पाहावे. उघडला, तर तो आयकॉन काढून पुन्हा टाचला की बहुधा चित्र परत येते.

टास्कबार हट्टीपणा करीत असेल तर टास्क मॅनेजरमध्ये ‘विंडोज एक्सप्लोरर’ निवडून ‘रीस्टार्ट’ करावे. क्षणभर पट्टी नाहीशी होईल. घाबरू नये, ती परत येते. मात्र त्या वेळी फायलींची नक्कल चालू नसावी.

विंडोज ११ मध्ये ‘सेटिंग्ज’, ‘पर्सनलायझेशन’, ‘टास्कबार’ आणि ‘अदर सिस्टीम ट्रे आयकॉन्स’ येथे कोपऱ्यातील चिन्हांची यादी मिळते. काढून टाकलेल्या प्रोग्रॅमची नावेही तेथे कधीकधी उरतात. ती केवळ आठवण असते; तिचा उपद्रव नसतो. पण ध्यानात ठेवावे की, या यादीत एखादे बटण बंद केल्याने फक्त चिन्ह लपते. प्रोग्रॅम चालू असेल तर तो चालूच राहतो. नको असलेल्या पाहुण्यावर पडदा ओढल्याने तो घराबाहेर जात नाही.

चौथी गोष्ट विशेष महत्त्वाची. ही नावे समूळ पुसण्यासाठी विंडोजच्या ‘रजिस्ट्री’त शिरून नोंदी खोडाव्या, असा सल्ला देणारे उत्साही तरुण भेटतात. मार्ग खोटा नाही. परंतु रजिस्ट्री ही यंत्राची मूळ खतावणी आहे. तीत एक चुकीची ओळ खोडली तर यंत्र अडून बसू शकते. केवळ डोळ्यांना बरे वाटावे म्हणून मूळ खतावणीत खाडाखोड करू नये, हे आपल्या व्यवसायात कोणाला सांगावे लागत नाही.

वहीच्या वेष्टनातील कागद

सर्व उरकले तेव्हा संध्याकाळ झाली होती. तो पांढरा कागद भाच्याने मुद्दाम शेवटपर्यंत ठेवला होता. जुना प्रोग्रॅम आता पुन्हा बसवला असल्याने त्याचा नवा हिरवा आयकॉन वेगळ्या जागी आलेला होता; जुन्याची गरज उरली नव्हती. दाजींनी स्वतः माऊस हातात घेतला. आयुष्यात प्रथमच त्यांनी उजवे बटण दाबले, यादीतील ओळ भाच्याकडून वाचून घेतली आणि आयकॉन काढला. मग पडद्याकडे थोडा वेळ पाहून म्हणाले, “एवढंच होतं होय!”

तो चार रकान्यांचा कागद मी फेकणार होतो. दाजींनी तो मागून घेतला, खाली तारीख घातली, आपली सही केली, भाच्याची घेतली आणि लक्ष्मीपूजनासाठी आणलेल्या नव्या वहीच्या वेष्टनात ठेवला. त्यावर आता संगणकाच्या टास्कबारवर राहिलेल्या चिन्हांची नावे आहेत, प्रत्येकापुढे ते कोणी बसवले ते लिहिलेले आहे, आणि ‘कोणी बसवले’ हा रकाना कोठेही कोरा नाही.

पुढील दिवाळीत नवी वही आणताना तो कागद बाहेर काढायचा आणि पडद्याशी ताडून पाहायचा, असे दाजींनी ठरवले आहे. यादीत नसलेले एखादे चिन्ह पडद्यावर दिसले, तर पूजेआधी त्याची चौकशी होईल.